घटक-चाचणी, खिडकीयुक्त संगणक कार्यक्रमांची

घटक-चाचणी, खिडकीयुक्त संगणक कार्यक्रमांची : संगणक कार्यक्रमाचा म्हणजेच प्रोग्रॅमचा एखादा लहान भाग इतर भागांपासून वेगळा काढावयाचा, त्याला ठरावीक माहिती पुरवावयाची आणि त्याच्याकडून अपेक्षित उत्तर मिळते की नाही हे दुसऱ्या एका छोट्या कार्यक्रमाकरवी तपासावयाचे, ह्या पद्धतीस घटक-चाचणी किंवा युनिट टेस्टिंग असे म्हणतात. ही तपासणी माणसाने दर वेळी हाताने करावी लागत नाही. एकदा लिहिलेली चाचणी मूळ कार्यक्रमात बदल झाला की पुनःपुन्हा चालवता येते व एका ठिकाणच्या दुरुस्तीने दुसरीकडे काही बिघडले असल्यास ते लगेच कळते. व्याज काढणारे, याद्या लावणारे किंवा तारखांचे गणित करणारे घटक ह्या पद्धतीने सहज तपासता येतात. टेबलावरील संगणकाच्या पडद्यावर खिडक्या, बटणे, याद्या व रकाने दाखवून माउस आणि कळफलक ह्यांच्याद्वारे वापरणाऱ्याशी व्यवहार करणारे कार्यक्रम मात्र दीर्घकाळ ह्या पद्धतीबाहेर राहिले. ती अडचण कशी निर्माण झाली व ती दूर करण्यासाठी कोणते प्रयत्न झाले, ह्याचा इतिहास प्रस्तुत नोंदीत दिला आहे. कार्यक्रमातील निर्णय आणि त्याचे पडद्यावरील दर्शन एकमेकांपासून अलग करणे, हे ह्या इतिहासाचे मुख्य सूत्र होय.

अडचणीचे स्वरूप : १९५० व १९६० ह्या दशकांतील बहुतेक कार्यक्रमांची रचना सरळ रेषेसारखी असे. छिद्रित पत्रांवरून माहिती आत जाई, तिच्यावर संस्कार होत आणि छापील उत्तर बाहेर येई. असा कार्यक्रम तपासण्यासाठी आत काय घातले व बाहेर काय आले एवढे पाहणे पुरे होते. खिडकीयुक्त कार्यक्रमात हा क्रम उलटा होतो. कार्यक्रम स्वतः पुढे जात नाही. तो वाट पाहत राहतो. बटण दाबले गेले, माउस हलला, खिडकी झाकली गेली, घड्याळाचा ठोका पडला अशा प्रत्येक प्रसंगास ‘घटना’ म्हणतात. खिडक्यांची व्यवस्था पाहणारी प्रणाली ह्या घटना एकामागून एक रांगेत लावते आणि प्रत्येकीसाठी कार्यक्रमातील नेमका भाग जागा करते. कोणती घटना केव्हा येईल हे कार्यक्रम लिहिणाऱ्याच्या हाती नसते, तर वापरणाऱ्याच्या हाती असते.

त्यामुळे तीन अडचणी उद्‌भवतात. पहिली अशी, की तपासावयाचा भाग प्रत्यक्ष खिडकीवाचून चालवता येत नाही आणि खिडकी उघडण्यासाठी पडदा, फाँट, रंगव्यवस्था असा सर्व परिवार हजर असावा लागतो. दुसरी अडचण वेळेची असते. बटण दाबल्याक्षणी परिणाम दिसेलच असे नाही. चाचणीला थांबावे लागते आणि किती थांबावे हे निश्चित सांगता येत नाही. तिसरी अडचण अपेक्षित उत्तराची होय. बेरजेचे उत्तर एकच असते. परंतु खिडकी ‘बरोबर दिसते’ म्हणजे काय, हे आकड्यांत सांगणे कठीण असते. पहिल्या दोन अडचणींवर पुढे उपाय निघाले. तिसरी अंशतः अद्यापि कायम आहे.

आरंभीचा काळ : डग्लस एंगलबार्ट ह्यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रॅन्सिस्को येथे माउसच्या साहाय्याने चालणाऱ्या संगणकाचे जाहीर प्रात्यक्षिक दाखवले. त्यानंतर झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील पालो आल्टो संशोधन केंद्रात १९७३ मध्ये ‘आल्टो’ हा संगणक तयार झाला. ॲलन के, डॅन इंगल्स, ॲडेल गोल्डबर्ग व त्यांचे सहकारी ह्यांनी तेथेच ‘स्मॉलटॉक’ ही भाषा विकसित केली. एकावर एक पसरलेल्या खिडक्या, निवडीच्या याद्या व माउस ह्यांचा आज परिचित असलेला मेळ ह्याच परिसरात आकारास आला.

नॉर्वेचे संगणकशास्त्रज्ञ ट्रिग्व्हे रेन्स्कौग हे १९७८-७९ मध्ये ह्या केंद्रात पाहुणे संशोधक म्हणून होते. त्यापूर्वी त्यांनी जहाजबांधणीसाठी संगणकीय आराखड्यांचे काम केले होते. मोठ्या प्रकल्पाची गुंतागुंतीची माहिती वापरणाऱ्याला निरनिराळ्या बाजूंनी पाहता यावी व बदलता यावी, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. १९७९ मधील आपल्या टिपणांत त्यांनी कार्यक्रमाचे तीन भाग कल्पिले : मूळ माहिती व तिचे नियम सांभाळणारे ‘प्रतिमान’, ती पडद्यावर मांडणारे ‘दृश्य’ आणि वापरणाऱ्याच्या हालचाली स्वीकारणारा ‘नियंत्रक’. ही रचना पुढे मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर ह्या नावाने प्रसिद्ध झाली. आपले दर्शन किती खिडक्यांत व कोणत्या रूपात होत आहे, हे प्रतिमानाला माहीत असण्याची गरज नसते. माहिती बदलली एवढी सूचना ते देते आणि दृश्ये आपापले रूप नवे करतात. रेन्स्कौग ह्यांचा हेतू चाचणीचा नव्हता. तथापि खिडकीवाचून अस्तित्वात राहू शकणारा भाग म्हणजेच खिडकीवाचून तपासता येणारा भाग होय आणि म्हणून पुढील सर्व प्रयत्नांचे मूळ ह्या विभागणीत सापडते. कार्यक्रमाचे भाग पाडताना बदलण्याची शक्यता असलेला प्रत्येक निर्णय एका भागाच्या आत झाकून ठेवावा, असे प्रतिपादन डेव्हिड पार्नस ह्यांनी १९७२ मध्येच केले होते. रेन्स्कौग ह्यांची रचना त्या विचाराशी सुसंगत होती.

मॅकिंटॉशचे ‘माकड’ : ॲपल कंपनीचा मॅकिंटॉश हा संगणक जानेवारी १९८४ मध्ये विक्रीस आला. त्याची स्मृती केवळ १२८ किलोबाइट होती. मॅकराइट व मॅकपेंट हे त्याचे आरंभीचे कार्यक्रम तेवढ्या जागेत जेमतेम मावत आणि स्मृती संपत आली की ते कसे वागतील, हे हाताने तपासणे दुरापास्त होते. १९८३ मध्ये स्टीव्ह कॅप्स ह्यांनी ह्यासाठी ‘मंकी’ नावाचा छोटा कार्यक्रम लिहिला. माउसच्या व कळफलकाच्या घटना कृत्रिम रीतीने पुरवण्याची जी सोय प्रणालीत होती, तिचा उपयोग करून हे ‘माकड’ चालू कार्यक्रमावर वाटेल तशा टिचक्या व कळा यांचा मारा करीत असे. जणू एखादे अदृश्य माकड संगणकापुढे बसून हाती येईल ते दाबीत आहे, असा देखावा त्यामुळे दिसे. ते कार्यक्रम बंद करण्याची आज्ञाही निवडत असल्यामुळे चाचणी मध्येच थांबू लागली. म्हणून माकड काम करीत आहे की नाही हे सांगणारी एक खूण प्रणालीत ठेवण्यात आली आणि ती पाहून कार्यक्रम बंद होण्याचे टाळू लागले.

ही घटक-चाचणी नव्हती. एकंदर कार्यक्रम कोसळतो की नाही एवढेच ती सांगत असे. मात्र तिच्यातून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. वापरणाऱ्याच्या हालचाली यंत्राकरवी निर्माण करता येतात ही पहिली व चाचणी सोयीची व्हावी म्हणून मूळ कार्यक्रमात थोडी तजवीज करून ठेवावी लागते ही दुसरी होय.

बटणाआड दडलेला निर्णय : मायक्रोसॉफ्टच्या विंडोज प्रणालीची पहिली आवृत्ती नोव्हेंबर १९८५ मध्ये व सर्वदूर पसरलेली तिसरी आवृत्ती मे १९९० मध्ये निघाली. १९९१ मध्ये आलेल्या व्हिज्युअल बेसिकने खिडकीयुक्त कार्यक्रम लिहिण्याचे काम फार सुलभ केले. पडद्यावरील कोऱ्या चौकटीवर बटण ठेवावयाचे, त्यावर दोनदा टिचकी मारावयाची आणि समोर उघडणाऱ्या जागेत ते बटण दाबल्यावर काय व्हावे हे लिहावयाचे, अशी ही रीत होती. लहानमोठ्या कार्यालयांसाठी हिशेब, साठा, पगारपत्रके ह्यांचे असंख्य कार्यक्रम ह्या रीतीने तयार झाले. बोरलँड कंपनीचे १९९५ मधील डेल्फाय हे साधनही ह्याच वळणाचे होते.

ह्या सुलभतेची किंमत नंतर ध्यानात आली. सवलतीचा दर, कराचा नियम, शिल्लक अपुरी असल्यास नकार असे महत्त्वाचे निर्णय बटणाला जोडलेल्या आज्ञांत लिहिले जाऊ लागले. तेच निर्णय दुसऱ्या खिडकीत हवे असल्यास आज्ञा उतरवून घेतल्या जात आणि पुढे एका ठिकाणी दुरुस्ती झाली, तरी दुसरे ठिकाण जुनेच राही. शिवाय असा निर्णय तपासण्याचा मार्ग एकच उरे : खिडकी उघडावी, रकाने भरावेत व बटण दाबावे. एरिक एव्हान्स ह्यांनी २००३ मधील आपल्या ग्रंथात ह्या पद्धतीला ‘स्मार्ट यूआय’ असे नाव देऊन तिचे गुणदोष सांगितले आहेत. लहान व अल्पायुषी कार्यक्रमास ती पुरते. वाढत जाणाऱ्या कार्यक्रमास ती बाधक ठरते.

नोंदवा व पुन्हा चालवा : १९९० नंतरच्या दशकात ह्या अडचणीवर बाहेरून उपाय करणारी साधने बाजारात आली. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या मर्क्युरी इंटरॅक्टिव्ह ह्या कंपनीचे ‘विनरनर’ हे त्यांपैकी प्रसिद्ध साधन होय. तपासनिसाने कार्यक्रम एकदा हाताने चालवावयाचा, साधनाने त्याची प्रत्येक हालचाल टिपून घ्यावयाची व पुढे तीच हालचाल हवी तेव्हा पुन्हा करून दाखवावयाची, अशी ही योजना होती. प्रारंभी ती आकर्षक वाटली. परंतु बटण थोडे सरकले, त्यावरील शब्द बदलला किंवा मध्ये एखादी नवी खिडकी आली, की टिपलेली हालचाल निरुपयोगी होई. कार्यक्रमात दोष नसतानाही चाचणी अयशस्वी ठरू लागली आणि वारंवार खोटी ओरड करणाऱ्या चाचणीकडे साहजिकच दुर्लक्ष होऊ लागले. ह्या साधनांनी संपूर्ण कार्यक्रम तपासण्याची सोय केली. बटणाआड दडलेला निर्णय मात्र त्यांनी बाहेर काढला नाही.

घटक-चाचणीच्या चौकटी : केंट बेक ह्यांनी स्मॉलटॉक भाषेतील चाचण्यांसाठी एक साधी चौकट तयार केली व १९९४ मध्ये तिच्याविषयी लेख प्रसिद्ध केला. ‘एस्‌युनिट’ ह्या नावाने ती ओळखली जाते. खिडक्यांद्वारे केलेल्या चाचण्या फार ठिसूळ ठरतात, असे मत बेक ह्यांनी त्या लेखातच नोंदवले होते. १९९७ मध्ये झ्यूरिकहून अटलांटा येथील परिषदेस विमानाने जात असताना बेक व एरिक गॅमा ह्या दोघांनी जावा भाषेसाठी ‘जेयुनिट’ ही चौकट लिहिली. थोड्याच वर्षांत तिच्या धर्तीवर इतर अनेक भाषांत चौकटी तयार झाल्या. जेयुनिटच्या खिडकीत एक पट्टी असे. सर्व चाचण्या उत्तीर्ण झाल्यास ती हिरवी राही व एक जरी फसली तरी लाल होई. ही पट्टी एका पिढीच्या प्रोग्रॅमरांच्या रोजच्या कामाचे प्रतीक बनली.

ह्या चौकटींमुळे चाचणी लिहिणे सोपे झाले. पण खिडकीशी जखडलेल्या आज्ञा त्यांच्या कक्षेबाहेरच राहिल्या. जावाच्या ‘स्विंग’ ह्या संचात खिडकीतील घटकांना हात लावण्याचा अधिकार एकाच धाग्याला म्हणजे घटना वाटून देणाऱ्या धाग्याला असतो. चाचणी दुसऱ्या धाग्यावर चालत असल्यास तिला आपले काम त्याच्याकडे सोपवून वाट पाहावी लागते. हा नियम न पाळल्यास तीच चाचणी कधी उत्तीर्ण तर कधी अनुत्तीर्ण होते. खिडक्यांच्या इतर संचांतही थोड्याफार फरकाने असाच नियम आढळतो.

विनम्र खिडकी : खरी दिशा मिळाली ती चाचणीच्या साधनातून नव्हे, तर कार्यक्रमाच्या रचनेतून. ॲपल व आयबीएम ह्यांनी मिळून स्थापन केलेल्या टॅलिजंट कंपनीतील माइक पोटेल ह्यांनी १९९६ मध्ये रेन्स्कौग ह्यांच्या रचनेचे नवे रूप मांडले व त्यात ‘प्रस्तुतकर्ता’ हा भाग कल्पिला. डॉल्फिन स्मॉलटॉकच्या रचनाकारांनी हा विचार २००० च्या सुमारास पुढे नेला. मायकेल फेदर्स ह्यांनी २००२ मध्ये ‘विनम्र संवादखिडकी’ ह्या आशयाच्या शीर्षकाचा एक छोटा लेख लिहिला. खिडकी तपासणे कठीण असेल, तर तिच्यात तपासण्याजोगे काही ठेवूच नये, असा त्याचा मथितार्थ होता. खिडकीने फक्त सांगितलेला मजकूर दाखवावा आणि बटण दाबले गेल्याची वर्दी द्यावी; काय दाखवावे व वर्दी मिळाल्यावर काय करावे, हे ठरवण्याचे काम खिडकीबाहेरील एका साध्या घटकाकडे द्यावे.

चाचणीच्या वेळी ह्या घटकापुढे खऱ्या खिडकीऐवजी बनावट खिडकी उभी केली जाते. तिला पडदा नसतो. ‘मला अमुक मजकूर दाखवण्यास सांगितले’, ‘मला बटण निष्क्रिय करण्यास सांगितले’ एवढीच नोंद ती ठेवते आणि चाचणी ती नोंद पडताळून पाहते. अशा बनावट साहाय्यकांचा पद्धतशीर विचार टिम मॅकिनन, स्टीव्ह फ्रीमन व फिलिप क्रेग ह्यांनी २००० मध्ये एका परिषदेत मांडला होता. खिडकी अशा रीतीने दुबळी व आज्ञाधारक केली, की तिच्यातून सुटलेला दोष सहसा डोळ्यांना दिसणारा, वरवरचा असतो आणि पैशाचा, अधिकाराचा किंवा सुरक्षिततेचा निर्णय चाचणीच्या कक्षेत येतो.

मार्टिन फाउलर ह्यांनी २००४ व २००६ मध्ये ह्या रचनांचे वर्गीकरण केले. मायक्रोसॉफ्टच्या डब्ल्यूपीएफ ह्या संचासाठी जॉन गॉसमन ह्यांनी २००५ मध्ये ‘मॉडेल-व्ह्यू-व्ह्यूमॉडेल’ ही रचना जाहीरपणे मांडली. तीत पडद्यावरील रकाना व त्यामागील माहिती ह्यांची जोडणी संचच करतो; त्यामुळे खिडकीत हाताने लिहावयाच्या आज्ञा अतिशय कमी होतात. रकान्यांची स्थिती, बटण सक्रिय आहे की निष्क्रिय, चुकीची सूचना दाखवावी की नाही, हे सर्व एका साध्या वस्तूचे गुणधर्म बनतात आणि साध्या चाचणीने तपासता येतात. स्टीव्ह फ्रीमन व नॅट प्राइस ह्यांच्या २००९ मधील ग्रंथात लिलावात बोली लावणारा एक खिडकीयुक्त कार्यक्रम आरंभापासून चाचण्यांच्या आधारे कसा वाढवावा, हे सविस्तर दाखवले आहे.

सहायक साधने : निर्णय बाहेर काढल्यानंतरही खिडकी व तिच्यामागील घटक ह्यांची जोडणी बरोबर आहे की नाही, हे पाहावे लागतेच. ह्यासाठी माउस व कळा कृत्रिमपणे चालवणारी ‘रोबॉट’ नावाची सोय जावाच्या १.३ ह्या आवृत्तीत २००० मध्ये आली. नॉर्वेत जन्मलेल्या ‘क्यूटी’ ह्या संचाच्या चौथ्या मालिकेत चाचणीचे स्वतंत्र ग्रंथालय समाविष्ट झाले. त्यात टिचक्या व कळा तर निर्माण करता येतातच. शिवाय एखाद्या घटकाने किती वेळा कोणता संकेत दिला, हेही टिपून ठेवता येते. एक्स विंडो प्रणालीसाठी केवळ स्मृतीत चित्र काढणारा आभासी पडदा उपलब्ध झाल्यामुळे पडदा नसलेल्या संगणकावरही रात्रभर चाचण्या चालवणे शक्य झाले.

एक महत्त्वाची मदत अनपेक्षित दिशेने मिळाली. अंध व्यक्तींना पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या साधनांसाठी प्रत्येक बटणाचे नाव, प्रकार व स्थिती बाहेर कळवण्याची सोय मायक्रोसॉफ्टने १९९७ मध्ये व अधिक व्यापक स्वरूपात २००६ मध्ये उपलब्ध केली. लिनक्सवरही तशी व्यवस्था झाली. चाचणीच्या साधनांनी ह्याच सोयीचा उपयोग केला. बटण पडद्यावर कोठे आहे हे न पाहता ते त्याच्या नावाने शोधता येऊ लागले व १९९० नंतरच्या साधनांचा ठिसूळपणा बराच कमी झाला. अपंगांना वापरता येणारा कार्यक्रम तपासण्यासही सोपा असतो, हा त्यातून मिळालेला धडा होय.

होरायझन प्रकरण : खिडकीमागील नियम तपासला न गेल्यास काय घडू शकते, ह्याचे ठळक उदाहरण ब्रिटनमधील टपाल कचेऱ्यांच्या ‘होरायझन’ ह्या प्रणालीत आढळते. फुजित्सूच्या मालकीच्या आयसीएल ह्या कंपनीने तयार केलेली ही प्रणाली १९९९ पासून टपाल कचेऱ्यांत बसवण्यात आली व २०१० मध्ये तिची नवी आवृत्ती आली. प्रणालीने दाखवलेली तूट भरून देण्याची जबाबदारी कचेरी चालवणाऱ्या उपटपालप्रमुखांवर टाकण्यात येत असे. १९९९ ते २०१५ ह्या काळात अशा ९०० हून अधिक व्यक्ती चोरी, अफरातफर किंवा खोटे हिशेब ह्यांसाठी दोषी ठरवण्यात आल्या. अनेकांनी तुरुंगवास भोगला व कित्येकांचे संसार मोडले.

ॲलन बेट्स व इतर अशा ५५५ वादींनी केलेल्या दाव्यात न्यायमूर्ती पीटर फ्रेझर ह्यांनी डिसेंबर २०१९ मध्ये निर्णय देऊन प्रणालीतील अनेक दोष सिद्ध झाल्याचे नमूद केले. त्यांपैकी एक दोष स्कॉटलंडमधील डॅलमेलिंग्टन ह्या गावाच्या नावाने ओळखला जातो. २०१५ मध्ये तेथील टपाल कर्मचारी ८,००० पौंडांच्या नोटांच्या पिशवीची आवक नोंदवीत असता पडदा पुढे सरकेना. म्हणून ‘एंटर’ कळ पुन्हा दाबण्यात आली. प्रत्येक वेळी तीच पिशवी नव्याने जमा धरली गेली आणि नोंद ३२,००० पौंडांची झाली. हाती ८,००० पौंडच असल्याने २४,००० पौंडांची तूट दिसू लागली. चौकशीत असे शंभराहून अधिक प्रसंग पाच वर्षांच्या काळात घडल्याचे आढळले. शिक्षा झालेल्या सर्वांची प्रकरणे ह्या एकाच दोषातून उद्‌भवली असे नव्हे. प्रणालीत इतरही दोष होते आणि ते मान्य न करण्याची संस्थेची वृत्ती त्यांहून घातक ठरली. मे २०२४ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून इंग्लंड, वेल्स व उत्तर आयर्लंड येथील ठरावीक निकषांत बसणाऱ्या शिक्षा एकत्रितपणे रद्द केल्या. स्कॉटलंडच्या संसदेने त्याच वर्षी वेगळा कायदा केला.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ह्या दोषाचे स्वरूप लक्षणीय आहे. पडदा थिजणे हा खिडकीचा दोष होय. तसा तो कोणत्याही कार्यक्रमात होऊ शकतो. एक पिशवी एकदाच जमा व्हावी हा मात्र हिशेबाचा नियम आहे व तो खिडकीवर अवलंबून असण्याचे कारण नाही. हा नियम खिडकीमागील घटकात ठेवला असता, तर ‘तीच पिशवी दुसऱ्यांदा आल्यास ती नाकारावी’ हे पाहणारी चाचणी पडद्यावाचून, क्षणार्धात व कितीही वेळा चालवता आली असती. अधीर होऊन कळ पुन्हा दाबणे हा वापरणाऱ्याचा अपराध नसून ती अपेक्षित घटना मानली पाहिजे, हा चाचणीशास्त्राचा मूलभूत दृष्टिकोन आहे.

देवनागरीचे उदाहरण : निर्णय व दर्शन ह्यांतील भेद भारतीय लिप्यांच्या बाबतीत विशेष स्पष्ट होतो. युनिकोड ह्या संकेतपद्धतीत ‘महाराष्ट्र’ हा शब्द वाचकाला चार अक्षरांचा दिसला, तरी तो दहा चिन्हांनी साठवला जातो. कारण काना, हलन्ताचे चिन्ह व जोडाक्षरातील प्रत्येक व्यंजन ह्यांची गणना स्वतंत्र होते. नावाच्या रकान्याला नऊ चिन्हांची मर्यादा असेल, तर शेवटचा ‘र’ गळून ‘महाराष्ट्‌’ असे तुटके रूप उरते. मर्यादा चिन्हांत मोजावी की अक्षरांत, व मजकूर कापावयाचा झाल्यास कोठे कापावा, हा निर्णय आहे आणि तो खिडकीवाचून घटक-चाचणीने तपासता येतो. जोडाक्षर पडद्यावर नीट जुळलेले दिसते की नाही, हा दर्शनाचा भाग होय. तो फाँटवर व अक्षरे मांडणाऱ्या यंत्रणेवर अवलंबून असल्याने डोळ्यांनी किंवा चित्रांची तुलना करून पाहावा लागतो. दोन्ही गोष्टी एकाच रकान्याच्या आज्ञांत मिसळल्या, तर पहिलीची तपासणीही दुसरीइतकीच अवघड होऊन बसते.

मर्यादा : घटक-चाचणीने सर्व दोष सापडतात असे नाही. चाचणी दोषांचे अस्तित्व दाखवू शकते, त्यांचा अभाव सिद्ध करू शकत नाही, हे एट्सखर डाइक्स्ट्रा ह्यांनी १९७० च्या सुमारासच निदर्शनास आणले होते. अनेक घटक एकाच वेळी चालत असता त्यांच्या वेगातील फरकाने होणारे दोष तर एकेका घटकाच्या चाचणीत सहसा दिसत नाहीत. कॅनडात तयार झालेल्या ‘थेराक-२५’ ह्या किरणोपचार यंत्राचे उदाहरण ह्याबाबत प्रसिद्ध आहे. १९८५ ते १९८७ ह्या काळात ह्या यंत्राने सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणांची मात्रा दिली व त्यांतील काही दगावले. १९८६ मध्ये टेक्सस राज्यातील टायलर येथे घडलेल्या अपघातांत असे आढळले, की तंत्रज्ञाने पडद्यावरील माहिती सुमारे आठ सेकंदांच्या आत दुरुस्त केल्यास कार्यक्रमाच्या दुसऱ्या भागाला तो बदल कळत नसे. हा पडदा अक्षरी होता, खिडक्यांचा नव्हता. तरीही वापरणाऱ्याच्या हाताचा वेग हीदेखील तपासावयाची बाब आहे, हे त्यातून दिसून आले. शिवाय पूर्वीच्या यंत्रांत असलेले यांत्रिक अडसर ह्या यंत्रात काढून टाकले होते. म्हणजे चाचणीस पर्याय ठरणारी दुसरी तटबंदीही उरली नव्हती.

बनावट खिडकीवर अतिरेकी भिस्त ठेवण्याचा धोकाही आहे. बनावट खिडकी खऱ्या खिडकीप्रमाणे वागते असे गृहीत धरलेले असते. ते चुकल्यास सर्व चाचण्या उत्तीर्ण होऊनही कार्यक्रम चालत नाही. म्हणून खिडकीमागील घटकांच्या पुष्कळ चाचण्या, जोडणीच्या थोड्या व संपूर्ण कार्यक्रमाच्या अगदी मोजक्या, असे प्रमाण ठेवण्याचा प्रघात पडला. माइक कोन ह्यांनी २००९ मध्ये हे प्रमाण पिरॅमिडच्या आकृतीने दाखवले आहे.

सद्यःस्थिती : २००० नंतर अनेक कार्यालयीन कार्यक्रम महाजालावर गेले, तरी बँका, रुग्णालये, कारखाने व प्रयोगशाळा ह्यांतील संगणकांवर खिडकीयुक्त कार्यक्रम आजही मोठ्या संख्येने चालू आहेत. त्यांतील पुष्कळसे बटणाआड निर्णय लिहिण्याच्या काळातील आहेत. ज्या आज्ञांना चाचण्यांचे संरक्षण नाही त्यांना फेदर्स ह्यांनी २००४ मधील आपल्या ग्रंथात ‘वारसा आज्ञावली’ मानले आहे. त्या कालच लिहिलेल्या असल्या तरी त्यांची गणना ह्याच वर्गात होते. अशा कार्यक्रमांच्या दुरुस्तीचा रूढ मार्ग सावकाशीचा आहे. प्रथम कार्यक्रम सध्या जसा वागतो तसे वर्णन करणाऱ्या चाचण्या लिहितात, नंतर बटणाआडचा एकेक निर्णय स्वतंत्र घटकात हलवतात व प्रत्येक पायरीवर चाचण्या पुन्हा चालवून पाहतात. खिडकीचे रूप दर दशकास बदलत आले आहे. तिच्यामागील नियम बहुधा त्याहून दीर्घायुषी असतात. त्यामुळे ते खिडकीपासून वेगळे ठेवून तपासण्याची पद्धत चाचणीच्या सोयीपुरती मर्यादित न राहता कार्यक्रम-रचनेच्या शिक्षणाचा भाग बनली आहे.